ऐकणारी डबी

२ नोव्हेंबर

घर मिळालं. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि ताईच्या पलंगाला खिडकीशी जागा. खिडकीतून नदी दिसते. सामान चढवणाऱ्यांनी ताईला खुर्चीसकट वर आणलं तेव्हा ती म्हणाली, माझी वरात निघायची राहिली होती, आज निघाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, शब्द घसरतात, पण जीभ होती तशीच तिखट आहे. पाय मात्र गेले ते गेले.

छताला आधीच्या भाडेकरूंचे धुराचे अलार्म आहेत. साधे, बॅटरीवरचे. घरात वाजतात आणि घरातच विरतात. म्हणून मी ऐकणारी डबी आणली आहे. ती भिंतीतल्या प्लगला लावायची. अलार्म वाजला की ती आवाज ओळखते, मी असेन तिथे फोनवर कळवते आणि ऐकलेल्याचं छोटं रेकॉर्डिंग पाठवते. स्टुलावर चढून कागद पेटवून पाहिला. अलार्म किंचाळला, पाठोपाठ खिशात फोन थरथरला. ताई म्हणाली, छान, म्हणजे मी जळाले की तुला आधी कळणार, मला मागाहून.

आम्ही दोघी पुष्कळ हसलो. खोल्यांना नव्या रंगाचा वास आहे. मला हे घर आवडलं.

५ नोव्हेंबर

काम दातांच्या लॅबमध्ये, नदीपलीकडे. जाण्यायेण्याला लाँच. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. मी मेणात दात बसवते. माणूस कवळी लावून बघायला आला की त्याला ‘स’चे शब्द म्हणायला लावते; पुढचे दात नीट बसले नसतील तर स शिट्टी मारतो. आज एका आजोबांना सासू, सासरा म्हणा म्हटलं. शिट्टी वाजली. ते म्हणाले, बाई, सासूचं नाव घेतल्यावर आणखी काय वाजणार?

मालक हसत नाहीत. टेबलावर फोन चालत नाही असा त्यांचा नियम. ताईचं सांगितल्यावर परवानगी दिली, पण उपकार केल्यासारखी.

शेजारच्या काकूंना जिन्यात नमस्कार केला. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

११ नोव्हेंबर

दुपारी फोन थरथरला. घरात धुराच्या अलार्मचा आवाज ऐकू आला आहे. हातातलं मेण तसंच टाकून धावले. लाँचमध्ये उभीच राहिले, बसवेना.

घरात धूर नाही. वास नाही. ताई पेंगत होती. मला बघून दचकली. म्हणाली, कसला अलार्म? माशी घोंगावली तरी मी जागी होते.

नवीन यंत्र, चुकलं असेल. मालकांनी अर्धा दिवस कापला.

१४ नोव्हेंबर

परत. या वेळी मी लाँचवरूनच बंबवाल्यांना फोन केला. ते माझ्याआधी पोचले, दार फोडलं. आत ताई, एकटी, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, अनोळखी पुरुषांपुढे रडत. धूर नाही. त्यांनी अलार्म काढून बटण दाबून पाहिले, दोन्ही ठीक. त्यांचा प्रमुख म्हणाला, बाई, ही माणसं खऱ्या आगीसाठी ठेवलेली असतात. जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल असंच म्हणाला.

काकूही बोलल्या. त्या दिवसभर घरी असतात, भिंत पातळ आहे, दुपारी अलार्म कधीच वाजला नाही. लक्ष वेधायची हौस असेल तर गॅलरीत उभं राहून गाणं म्हणा, म्हणाल्या.

सुतार नवी कडी बसवून गेला.

१७ नोव्हेंबर

सकाळी दोन्ही अलार्म छतावरून उतरवले, बॅटऱ्या काढल्या आणि सगळं पिशवीत घालून लॅबमध्ये नेलं. एकदा खात्री व्हावी म्हणून.

पिशवी माझ्या पायाशी होती. दुपारी फोन थरथरला. घरात धुराच्या अलार्मचा आवाज ऐकू आला आहे.

पहिल्यांदाच रेकॉर्डिंग उघडलं. एवढे दिवस धावायच्या घाईत ऐकलंच नव्हतं. कपाटामागे जाऊन फोन कानाला लावला.

तीन टोचणारे सूर, मग विराम, मग परत तीन. हुबेहूब. पण विरामात काहीतरी होतं. आवाज पूर्ण वाढवला.

विरामात श्वास घेतला जात होता.

मी दिवसभर तोंडं ऐकते. हे यंत्र नाही. हे तोंड आहे. ओलं, आणि पुढचे दात नसलेलं. सूर हिरड्यांवरून घसरत येतो, शेवटी थुंकी वाजते.

घरी पोचले. कुणी नाही. पलंगाखाली, कपाटात, माळ्यावर, कुठेच नाही. कडी बाहेरून जशी लावली होती तशी. टॉर्च घेऊन ताईला तोंड उघडायला लावलं. तिचे सगळे दात जागेवर आहेत. ती म्हणाली, मी घोडी आहे का गं, दात बघून विकायला?

१८ नोव्हेंबर

दादाला फोन केला. ताईला घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, तूच मोठ्या तोऱ्यात नेली होतीस, दोन आठवड्यांत जीव मेटाकुटीला आला? वहिनी मागून काहीतरी म्हणाली, तो हसला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. बघतो, म्हणाला.

अलार्म पिशवीतच आहेत.

२० नोव्हेंबर

आज फोन थरथरला तेव्हा मालक समोर उभे होते. म्हणाले, आता उठलात तर परत बसू नका.

रेकॉर्डिंग ऐकलं. श्वास होता. म्हणजे आग नाही, तेच ते. ताईला त्याने आजवर काही केलेलं नाही. मी बसून राहिले. मेणात दात रोवत राहिले. एक वाकडा बसला.

संध्याकाळी ताई खुशीत होती. म्हणाली, दुपारची तू बरी होतीस. ही अशी चिडकी नव्हे.

कोण दुपारची, विचारलं.

ती म्हणाली, अगं, आलीस की तू. अंधार करून बसलीस उशाशी. केस विंचरलेस माझे. बोलली नाहीस फारशी, पण माया केलीस.

तिचे केस मागे घट्ट बसवलेले होते. ओले. हात लावला. पाणी नव्हतं.

२१ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. दिवसभर ताईजवळ बसले. काही नाही झालं.

आता कळतंय. मला वाटत होतं ते मला बोलावतंय. ते बोलावत नव्हतं. मी धावून यायचं बंद करावं, कुणीच धावून यायचं बंद करावं, एवढंच शिकवत होतं. आणि आम्ही शिकलो. मालक, बंबवाले, काकू. सगळ्यांत शेवटी मी.

ताईला सांगितलं, काल आली ती मी नव्हते. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडेच बघत विचारलं, तू कामावर कधी जाणार?

२२ नोव्हेंबर

मालकांचा निरोप. येऊ नका. बरं झालं.

आज अलार्म पुन्हा छताला लावले, नव्या बॅटऱ्या घालून. आता श्वास नसलेला आवाज आला तर तो खरा असेल.

ताई सारखी दाराकडे बघते. मी भरवलं तर तोंड उघडत नाही. दुपारी जेवीन म्हणते.

रविवार, २३ नोव्हेंबर

दादा येणार होता. फोन उचलत नाही.

ताईच्या झटक्याच्या गोळ्या संपल्या. काल मोजल्या तेव्हा होत्या — आज पाकीट रिकामं. त्या नदीपलीकडच्या दुकानातच मिळतात. चुकवून चालत नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय. काकूंना हात जोडले, तासभर ताईजवळ बसा. दार उघडलंच नाही. आतून म्हणाल्या, तुमचे खेळ तुम्ही खेळा.

कडी लावली. वर कुलूप घातलं. निघाले.

लाँचवर. परत येताना.

गोळ्या मिळाल्या. नदीच्या मध्यावर फोन थरथरला.

ऐकलं. पुन्हा ऐकलं.

श्वास नाही.

श्वास नाही. यंत्र आहे. खरा —

बंबवाल्यांना लावला. त्यांनी पत्ता ओळखला. पाठवतो म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. लाँचवाल्याला म्हटलं जोरात घ्या. तो म्हणतो, पाणी ओढतंय, याहून जोरात जात नाही. हात थांबले तर ओरडेन, म्हणून लिहिते.

खिडकी दिसतेय. आमची. धूर —

काकूंना फोन लावला, त्यांनी उचलला. म्हणाल्या, हो, धूर येतोय, म्हणून तर दार ठोकलं. तुम्हीच आतून म्हणालात, दूध करपलंय, काही नाही, जा.

मी नाही. काकू, मी नाही. मी नदीवर आहे. दार बाहेरून लावलंय, कुलूप बघा. फोडा.

काकूंचं दार करकरलं. मग म्हणाल्या, कुलूप आहे खरं. मग आत — आणि जिना उतरत धावल्याचा आवाज. एकट्याच. दार नाही फोडलं.

लाँच धक्क्याला लागत नाहीये. दोरी फेकतायत. चुकली. परत फेकतायत —

नवं रेकॉर्डिंग.

अलार्म वाजतोय. मग मध्येच तुटतो, कुणीतरी उपटल्यासारखा. ताई खोकते. म्हणते, आलीस? बरं झालं. धूर फार झालाय गं, मला उचल.

पाय फरशीवर ओले वाजतात. जवळ. माझा आवाज. अगदी माझा, फक्त स शिट्टी मारतोय. म्हणतोय —