वाटखर्ची

३ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नऊला नव्या घरी सामान आलं, दुपारपर्यंत लावून झालं. खिडकीतून गॅदरकोल शेतकऱ्याचं कापणी झालेलं गव्हाचं रान दिसतं. वीस वर्षं माझी बायको हेस्टर सुट्टीच्या दिवशी नॉरिचहून इथे यायची आणि धातुशोधक यंत्र घेऊन हे रान धुंडाळायची. मी गाडीत पेपर वाचत बसायचो. तिला एक तरी रोमन चांदीचं नाणं हवं होतं. मिळालं नाही. एप्रिलमध्ये ती गेली. यंत्र मी बरोबर आणलं आहे. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

५ सप्टेंबर

परवानगी मागायला गेलो. गॅदरकोल म्हणाला, बाईंनी बाटल्यांची झाकणं वेचून वेचून माझं रान साफ केलं, तुमच्यासाठी काय उरलंय? फिरा खुशाल. पण खणलेला खड्डा बुजवायचा. मेंढराचा पाय मोडला तर त्याच्या जागी तुम्हाला बांधीन. आणि हाडं दिसली तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची.

दिवसभरात चार झाकणं आणि एक गंजलेला खिळा मिळाला. खड्डे बुजवले.

८ सप्टेंबर

ओढ्याकडच्या कोपऱ्यात यंत्राचा स्वच्छ आवाज आला. हातभर खाली माणसाचा जबडा होता. दातांमध्ये चांदीचं नाणं, त्यावर सम्राटाचा चेहरा. हाक मारायला हवी होती. मी दात बाजूला केले, एक तुटला, आणि नाणं काढून घेतलं. खड्डा नीट बुजवला. घरी नाणं धुऊन हेस्टरच्या फोटोपुढे ठेवलं.

१० सप्टेंबर

त्याच जागी पुन्हा आवाज. वर माझ्याच बुटांचे ठसे, कुणी हात लावलेला नाही. खाली हेस्टरची अंगठी. आत आमच्या लग्नाची तारीख. ती बोटात ठेवूनच तिला पुरलं होतं, इथून वीस मैलांवर. मी समोर उभा होतो.

१२ सप्टेंबर

आज पोलादी पट्टी. तिच्या मोडलेल्या मांडीत बसवलेली. स्क्रू उपटलेले. हाडाचे कण चिकटलेले, ओले.

गॅदरकोलला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मेलेल्याची पलीकडे जायची वाटखर्ची होती ती, तोंडातली काढून घेतलीत. आता त्या बदल्यात तो तुमच्या बाईंना ओढून आणतोय. पेनफोल्ड, आजच्या आज नाणं परत ठेवा, म्हणजे थांबेल. बाईंना काय होत असेल, याचा तरी विचार करा.

१३ सप्टेंबर

नाणं घेऊन गेलो. खड्डा उघडला. जबडा वाट बघत — नाही, नुसता उघडा होता.

ठेवलं की थांबेल. थांबलं की ती येणार नाही.

नाणं घेऊन परत आलो.

१४ सप्टेंबर

परसातल्या फाटकाशी आवाज. तिची सोन्याची टोपी बसवलेली दाढ. मुळासकट. तिला दुखत —

१५ सप्टेंबर

आता तिच्या अंगावर धातूचं काही उरलं नाही. यापुढचं यंत्राला कळणार नाही.

सकाळपासून परसातली माती वर येते आहे. फाटकापासून — आता पायरीपर्यंत. गॅदरकोल पुढचं दार बडवून, ओरडून गेला. उघडलं नाही.

नाणं पुसून ठेवलं. मागच्या दाराची कडी काढली. चहाचं पाणी ठेवलं, दोन कप मांडले. तिला साखर दीड चमचा —