ओके न ऐकताच
चिंचणी, ऑक्टोबर २०१७. गुरुवार संध्याकाळ.

डोकं नुसतं भणभणतंय.

बोटींवरच्या धोक्याचा इशारा पाठवणाऱ्या यंत्रांत यूएसबीने बोटीचा नंबर भरायची स्क्रिप्ट मी लिहिली. एक कमांड पाठवायची, यंत्राचं 'ओके' येईपर्यंत थांबायचं, मगच पुढची. घाई केली की यंत्र पुढची कमांड घेतच नाही. आज कळलं, माझ्याबरोबर काम करणाऱ्या नीलेशने ते थांबणंच काढून टाकलंय. मला न विचारता! वर नाव माझंच ठेवलंय.

जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं. "अगं, तुझीच स्क्रिप्ट आहे, मी फक्त फास्ट केली. साहेब खूश आहेत, तू कशाला टेन्शन घेतेस?" रोज एका डब्यातून जेवतो आम्ही. माझ्या बाबांची बोट आहे हे त्याला माहीत नाही? त्यांचं यंत्र त्यानेच पॅक करून दिलं, हसत हसत.

घरी आल्याबरोबर ते लॅपटॉपला जोडलं, नंबर विचारला. सगळी शून्यं. म्हणजे बटण दाबलं असतं तरी कुठली बोट बुडतेय हे किनाऱ्यावर कळलंच नसतं. आणि हे घेऊन बाबा आठवडाभर समुद्रात होते.

नंबर पुन्हा भरला. 'ओके' येईपर्यंत थांबले. आलं. पण बाकीच्यांचं काय? साहेब फोन उचलत नाहीत. नीलेश तर नाहीच नाही.

ओट्यावर जाळं शिवत बसलेल्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तू बनवलंयस म्हणून मीच आळीतल्या सगळ्यांना घ्यायला लावलं गं. सकाळीच समुद्रात गेलेत ते."