लावण्याचं नक्षत्र

प्रिय कविता,

हे पत्र शेजारची भुवना तिच्या फोनवर फोटो काढून तुला पाठवणार आहे. टपालाने ऑकलंडला पोचेपर्यंत शुक्रवार उलटून जाईल, आणि शुक्रवारी तू लावण्याला दत्तक घ्यायची फाइल मागे घेणार आहेस. रविवारी फोनवर ते इतकं शांतपणे सांगितलंस की मला आधी वाटलं, दूधवाला बंद करणार आहेस. फोन ठेवल्यावर अर्थ कळला आणि रसम जळलं. बोलून सांगायचा प्रयत्न काल केला, पण मी तोंड उघडलं की तुझे सासरे मध्येच चष्मा कुठे म्हणून विचारतात. लिहिणंच बरं. देवनागरी मला तूच शिकवलीस, सांगलीहून सून होऊन आलीस त्या वर्षी. तेव्हा चुका निघाल्या तर बोल गुरूला लागेल.

आधी घरच्या बातम्या. तुझ्या सासऱ्यांनी सायकलच्या दांड्यावर लहान मुलाची सीट बसवून घेतली, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी ओडिशातल्या बालगृहाकडून लावण्याचा फोटो आला, त्याच आठवड्यातली गोष्ट. तेव्हापासून रिकामी सीट घेऊन रोज भाजीला जातात. परवा तिच्यात भोपळा बसवून आणला, पट्टा आवळून. पट्टा तपासत होतो म्हणाले. भोपळ्याला ओरखडासुद्धा नाही. मात्र नातीविषयी चकार शब्द काढत नाहीत. आपलं घराणं, आपली परंपरा, ह्यांना हे पटलंय की नाही, अशी धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. प्रणवेशलाही असणार, लेक बापाला ओळखतो.

नवरात्रात आपल्या रीतीने पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या तेव्हा खालच्या दोन पायऱ्या मी मोकळ्या ठेवल्या. तीन वर्षांच्या हाताला लागेल ते फुटणारच. फक्त पाडली तरी उठून बसणारी आपली तंजावुरी बाहुली तिथे ठेवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मोकळ्या पायऱ्या बघायच्या आणि विचारायच्या, एत्तनै मासम? किती महिने झाले? मी म्हणायचे, अर्जापासून चोवीस. पुढच्या महिन्यात पंचवीस. आता सव्वीस. भुवनाच्या सासूने बोटं मोजली आणि म्हणाली, अय्यो, देवळातल्या हत्तिणीलासुद्धा बावीसच लागतात. ह्या बायकांना तुझा बांगड्यांचा सोहळा, म्हणजे तुमच्याकडचं डोहाळजेवण, करायचाय, पण सातवा महिना कुठून धरायचा ह्यावर एकमत नाही. ताराबाई म्हणतात अर्ज केल्यापासून, सुंदरी म्हणते फोटो आल्यापासून. सुंदरीच्या हिशेबाने तोही उलटला. बांगड्या मी आणून ठेवल्यात, हिरव्या, तुझ्या मापाच्या.

हे सगळं लांबण लावतेय, कारण पुढचं लिहायला धीर होत नाही. रागाव, पण शेवटपर्यंत वाचून रागाव.

पाच महिन्यांपूर्वी ऑकलंडच्या दत्तक संस्थेच्या बाईंनी आम्हा दोघांना एक फॉर्म पाठवला होता. आजीआजोबांचं मत काय, काही प्रश्न आहेत का, असं. मत मी छान लिहिलं. प्रश्नांच्या रकान्यात मात्र लिहिलं, मुलीची जन्मवेळ आणि नक्षत्र कृपया कळवावे. आपल्या घरात कोणाचा वाढदिवस तारखेने होतो का? ज्याच्या त्याच्या नक्षत्राला दर महिन्याला पिळ्ळैयारच्या, गणपतीच्या, देवळात अर्चना, हे तुझ्या आजेसासूपासून चालत आलंय. तुझीही होते, तुला पत्ता नाही. लावण्याची सुरू करायची तर नक्षत्र नको? त्या पोरीची जन्मतारीखच मुळी डॉक्टरांनी दात बघून ठरवली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सासू म्हणून अक्कल असते, आजी म्हणून नव्याने यावी लागते.

महिन्याभराने संस्थेची मेल आली, माझ्याच पत्त्यावर. मी मेल उघडते ती विजेच्या बिलासाठी. ही काल भुवनाने बघितली, चार महिन्यांनी. तिने वाचून दाखवली. तुमच्या कुटुंबाने पत्रिकेची अट घातली आहे का, पत्रिका जुळली नाही तर मुलीला नाकारणार का, याचा खुलासा येईपर्यंत पुढचे कागद थांबवत आहोत. कविता, फाइल तुझ्या वयामुळे अडली नव्हती. त्रेचाळीस, त्रेचाळीस म्हणत तू चार महिने आरशात पांढरे केस शोधत होतीस, आणि अडवणारी मी इथे पापड वाळवत होते. माझं चुकलं. फार चुकलं.

काल संध्याकाळी रडत देवळात गेले. हे सोबत आले. पुजारी गुरुक्कळांना म्हटलं, नातीच्या नावाने अर्चना करायची आहे, नक्षत्र माहीत नाही. ते म्हणाले, गोत्र-नक्षत्र माहीत नसेल तर सामी पेरुक्कु करू, देवाच्याच नावाने, परक्यांची तशीच करतात. तेवढ्यात हे कडाडले. सव्वीस महिने तोंड न उघडलेला माणूस. परकी कोण? गोत्र वसिष्ठ. नक्षत्र स्वाती. नाव लावण्या, आमची नात. आणि पाकिटातून पंचांगाचं घडी घातलेलं पान काढून दाखवलं, तिचा फोटो घरात आला त्या दिवसाचं. आठ महिने ते पान त्यांच्या पाकिटात होतं. मी नक्षत्र न्यूझीलंडला विचारत बसले, आणि ते माझ्या घरात खुंटीला टांगलेल्या शर्टात होतं! घरी येऊन ह्यांनी पोस्टातल्या नोकरीतल्या जुन्या इंग्रजीत खुलासा लिहिला: अट नाही, कधी नव्हती, चूक आजीची. आम्ही दोघांनी सह्या केल्या. आज सकाळी तो संस्थेला गेला, प्रत ह्या पत्रासोबत आहे. तुझ्या दमण्यावर बोलायचा हक्क मला नाही. पण माझ्या चुकीसाठी तिला सोडू नकोस. आणि शुक्रवारी फाइल मागे घ्यायचीच असेल, तर आधी इथे येऊन गुरुक्कळांना सांग, कारण पुढच्या स्वातीच्या अर्चनेची पावती हे फाडून आलेत.

तुझीच,
चुकलेली आणि वाट पाहणारी,
अम्मा