थंड खोलीतलं ट्रेनिंग

२ मे १९८९, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात, तेव्हा आपण वेळेवर सुरुवात केलेली बरी. डिप्लोमाचं ट्रेनिंग सुरू. ठाण्यात, सरकारी कॉम्प्युटर केंद्रात. वर्गातली बाकीची पोरं कारखान्यांत ग्रीस पुसणार. मी कॉम्प्युटरवर.
बाबांनी बजावलंय. सर्टिफिकेट चांगलं आलं आणि तिथेच चिकटलास तर ठीक, नाहीतर गोमाजीमामाच्या बर्फाच्या कारखान्यात जायचं. मामा कोलशेतच्या होड्यांना बर्फ देतो. तो म्हणाला, बरफ कुठं पलून जात नाय, कवा पन ये.
संकल्प: बर्फ या विषयावर यापुढे विचार करायचा नाही.

३ मे
कॉम्प्युटर पाहिला. लांबून. तो काचेच्या खोलीत असतो. त्याला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. मला दाराबाहेर स्टूल दिलंय. आत कोण जातं ते बघायचं आणि चपला सरळ लावायच्या. म्हणजे सुरक्षा विभाग. पहिल्याच आठवड्यात एवढा विश्वास! केंद्रप्रमुख टिपणीस साहेबांना माणसाची पारख आहे.

८ मे
दुपारी अख्खं ऑफिस आत. ऑपरेटर वासंतीताई डोंबिवलीहून येतात. त्या आत बसून स्वेटर विणतात आणि विणता विणता अर्धा अंगातही घालतात, कारण एसी जोरात असतो. टिपणीस साहेब जेवणानंतर डोळे मिटून विचार करतात. घोरल्यासारखा आवाज येतो, पण तो एसीचा असावा.

१५ मे
आत बोलावलं! एसीची जाळी पुसायला. हार्डवेअरशी पहिला संबंध.
कॉम्प्युटर बंद होता. वर कव्हर, कव्हरवर साहेबांचा डबा. शिपाई दगडूला विचारलं, तर तो म्हणाला, अरे, खोलीत पॉवरचं सॉकेट एकच आहे, त्यात एसी लागतो. दुसऱ्यासाठी कधीचं वर कळवलंय. एसीशिवाय कॉम्प्युटर चालवायचा नाही असा नियम, आणि एसी चालू असला की कॉम्प्युटर चालवायला जागा नाही.
मी बराच वेळ विचार केला. सिस्टीममध्ये चूक काढता येत नाही.

१९ मे
घरी सांगितलं, प्रोग्राम लिहितोय. खोटं नाही, मनातल्या मनात लिहितोच आहे. शेजारच्या हेमाने विचारलं, पर्मनंट कधी होणार. तिला म्हटलं, सरकारी गोष्टी बाहेर सांगता येत नाहीत. तिच्या चेहऱ्यावर आदर दिसला. किंवा ती जांभई दाबत होती.

२६ मे
मंगळवारी वरचे साहेब पाहणीला येणार. हीच संधी. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर चालू करून दाखवायचा. ते म्हणणार, या मुलाला ठेवून घ्या. टिपणीस साहेबांना आधी सांगायचं नाही. त्यांना आनंद झेपणार नाही.

३० मे, संध्याकाळ
वरचे साहेब भर उन्हातून आले. मी बूट जातीने लावले. आत जाऊन ते एसीसमोर बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि हाश्श म्हणाले. मी घुसलो, एसीची पिन काढली आणि कॉम्प्युटरची लावली.
पडदा हिरवा झाला. वासंतीताईंचे टाके सुटले. त्यांनी तो पेटलेला कधी पाहिलाच नव्हता म्हणे. मी मेमरी म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. साहेब कपाळ पुसत होते. त्यांनी विचारलं, एसी कोणी बंद केला. मी हात वर केला. मग त्यांनी विचारलं, आणि हे यंत्र कसलं आहे.
टिपणीस साहेब म्हणाले, आधी एसी लाव. लावला. पाहुणे दोन चहा होईपर्यंत बसले आणि शेरा लिहून गेले: केंद्रातील वातावरण उत्तम.
टिपणीस साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शब्द सापडत नसावेत.

५ जून
स्टूल काढून घेतलं. चपला आता उभ्याने लावतो. उभं राहिल्याने पाठ चांगली राहते.
पण आज वाईट वाटलं, खरंच. तो हिरवा पडदा डोळ्यांसमोरून हलत नाही. कर्सर लुकलुकत होता, माझ्याच उत्तराची वाट बघत असल्यासारखा. मी नुसती एक कळ दाबली असती तरी चाललं असतं. मी भाषण देत बसलो.

१० जून, शनिवार
सर्टिफिकेट मिळालं. सही, गोल शिक्का, सगळं. मजकूर: प्रशिक्षणार्थी कान्हा दामाजी याने केंद्रातील एसी बंद करण्याचे व चालू करण्याचे काम केले. पैकी चालू करण्याचे काम समाधानकारक.
नोकरीचं विचारलं. टिपणीस साहेब म्हणाले, बाळा, इथे जागाच नाही. सॉकेटचंही ते असंच सांगतात, आणि त्याचं प्रकरण अजून वर विचाराधीन आहे. म्हणजे आशा आहे.

१२ जून, सोमवार
काल मामाने सर्टिफिकेट माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. बाबांना म्हणाला, सरकारनं लिवून दिलंय दामाजी, पोराला थंडीचं काम येतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सर्टिफिकेट घडी घालून खिशात ठेवलं.
आज सकाळी मामाच्या कारखान्यावर रुजू झालो. लाद्या फोडायच्या, भुसा टाकायचा. बोटं बधिर झाली आहेत म्हणून आज एवढंच. इथे पॉवरची सॉकेट भरपूर आहेत. एक तर रिकामंच आहे. त्यात काय लावायचं, म्हणून मामा मलाच विचारत होता.