ऐकू न येणाऱ्या आवाजाने माझं हृदय भाजलं, त्याविषयी

ती. अक्का यांस,

साष्टांग नमस्कार. (फक्त कागदावर. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. परवा हृदयाला आतून चटके देऊन घेतले, एवढंच.

तुमची बहीण गेल्यापासून ठोके चुकत होते. काळजाचा ठोका चुकला, असं लोक म्हणतात, तसा माझाही चुकत असेल, दुःखात चालायचंच, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो काका, तो बोलण्यातला ठोका. तुमचा खराच चुकतोय.” हृदयातल्या एका जागेवरून भलतेच विजेचे इशारे सुटत होते म्हणे, आणि ती जागा आवाजाने भाजायची होती. मी कानासाठी कापूस मागितला. (सिस्टर हसू दाबत बाहेर गेल्या आणि आणखी दोघींना घेऊन आल्या.) हा आवाज वटवाघळालाही ऐकू येत नाही, हे मला नंतर कळलं. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं, तसा तो एका ठिपक्यावर आणतात.

मांडीच्या शिरेतून बुटाच्या नाडीएवढी नळी थेट हृदयात गेली. मी अर्धवट जागा होतो. पडद्यावर माझं हृदय मीच पाहिलं, अक्का. इतकी वर्षं बिचारं अंधारात राबत होतं आणि मी एकदाही विचारपूस केली नव्हती. खाली ठोक्यांची रेघ धडपडत चालली होती. नळीच्या टोकातून आवाज सुटला. मला काहीच ऐकू आलं नाही, हृदयाने मात्र ऐकलं. थोड्या वेळाने रेघ शहाण्यासारखी चालू लागली. मला हात जोडावेसे वाटले, पण हात बांधलेले होते.

डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणालो. ती गेल्याची माझ्यापाशी तेवढीच एक खूण होती, तीही पुसली गेली, असं वाटलं. (हे त्यांना सांगितलं नाही. त्यांना पुढचा पेशंट होता.)

बाकी घरी सगळं शांत आहे.

तुमच्या बहिणीचे यजमान

ता. क. : काही दिवस घरात सोबत हवी, असं दवाखान्यातून सोडताना सांगितलं. कोण आहे, असं विचारल्यावर माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. तेव्हा गुंगीत होतो. आता नाही, तरी नाव बदलावंसं वाटत नाही.

ता. क. दुसरा : निघण्याआधी फोन करून विचारू नका. विचारलंत तर मी ‘कशाला उगाच त्रास’ म्हणेन.