हुंगलेले पेले

ता. ४ जून

चि. ठकीस,
आजीचे अ. आ. तुझी आई आज गाडीत बसली. लेकीच्या बाळंतपणाला जायचं, तरी तिला मागून ढकलावं लागलं. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मीच जन्म दिलाय, मी बघते. तर म्हणते कशी, आई, तुम्हाला नाही जमायचं! एवढं काय न जमण्यासारखं गं त्यात? तुझा बाप दुकानात कोट शिवतोय. हात थरथरतो म्हणून आई सुई ओवून द्यायची, आता मी देते. येणाऱ्या बाळाची शपथ घेतलीय त्याने, आता थेंबही घेणार नाही म्हणून. तुझ्या वेळी तुझी घेतली होती.
जिना जपून उतर. माया असू दे.
आजी

ता. २९ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि. मुलगी झाली, नाक तुझं आहे. आजी, आई धुण्याआधी प्रत्येक पेला हुंगते. ह्यांचासुद्धा. आधी हे हसले, काल हसले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की बाळाला घेऊन ती आतल्या खोलीत जाते. मी म्हटलं, इथे कुणी पीत नाही. म्हणाली, ठाऊक आहे. आणि पुढचा पेला उचलला. बाबांनी सोडली का, म्हणून रोज विचारते. सोडली असेल तर परत येईन म्हणते. खरं काय ते कळव.
तुझीच,
ठकी

ता. ८ जुलै

चि. ठकीस,
अ. आ. छोटीला पापा. नाक माझं असेल तर तिची धडगत नाही.
तुझा बाप थोडे दिवस नीट होता. मग कोटाची बाही उलटी बसली, तसा रागाने बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मी कोटावर इस्त्रीआधी पाणी शिंपडलं, तर सगळ्या कोटाला गुत्त्याचा वास! शिंपडायच्या बाटलीतच भरून ठेवली होती मेल्याने. मी कोट धुतला नि गिऱ्हाइकाला सांगितलं, उंदराने घाण केली. खोटं इतकं सरळ आलं तोंडातून, की मीच चपापले. तुझी आई इतकी वर्षं हेच करत होती, आणि मी तिला लबाड म्हणायचे.
त्याला रागावले, रडले, जेवायला वाढलं नाही. मग वाढलं. आणखी काय करू, तूच सांग.
आईला म्हणावं, बरा आहे. तिला पटणार नाही, तरी म्हण. पण पाठवू नकोस. जावयांना सांग, पेले हुंगू देत तिला.
काल भांडी घासताना मीही एक पेला नाकाशी नेला. दोनदा हुंगला. माझ्याच पाण्याचा होता.
आठवण ठेव, एवढंच मागणं.
आजी