कागदावर तुम्ही गावात राहत होतात

आबा,

काल मी लायसन्सची मुदत वाढवून घ्यायला गेले होते आणि खिडकीतल्या मुलीने माझे कागद परत दिले. रागावून नाही, हसूनच दिले. चूक माझीच होती, काय ते पुढे सांगते. घरी येईपर्यंत तुमचाच विचार डोक्यात होता. विचार म्हणण्यापेक्षा एक प्रश्न, जो मी मायला एकदाच विचारला होता. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तवय त्यास्लेच इचारानं व्हतं." तेव्हा सुचलं नाही. तुम्ही गेलात त्याला आता इतका काळ लोटला आहे की विचारण्यात तक्रार उरलेली नाही. नुसतं जाणून घ्यावंसं वाटतं.

मी तेव्हा आठवीत होते. तुम्ही सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होतात, कापड रंगवायच्या त्या वाफेत. आठवडाभर मिलमध्ये कुठला रंग चाललाय ते तुमच्या नखांच्या कडांवरून कळायचं. कधी जांभळ्या, कधी शेंदरी. रविवारी अंघोळीला तुम्ही लिंबाची साल घासायचात, तरी सोमवारपर्यंत तो रंग जायचा नाही, आणि सोमवारी दुसरा चढायचा. खोकला मात्र कुठल्याच रविवारी कमी होत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाफेतून बाहेर पडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. तेवढ्यात शेठने निरोप धाडला की मिलच्या पांढऱ्या व्हॅनला ड्रायव्हर हवा आहे, पक्कं लायसन्स आणून दाखव आणि चावी घे. नमुन्याचे तागे घेऊन रिंग रोडच्या मार्केटात जायचं, परत यायचं, एवढंच काम. माय दोन दिवस त्या व्हॅनच्या खिडकीबद्दलच बोलत होती. उघडी खिडकी, तिच्यातून येणारा वारा. तिला पगाराचं काही विचारायचंच नव्हतं.

गाडी तुम्हाला आपल्या गल्लीतल्या टेम्पोवाल्या मामांनी शिकवली. रविवारी ते तुम्हाला कामरेजच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर न्यायचे. घरी तुम्ही सराव करायचात तो मला अजून दिसतो. तुम्ही पाटावर बसला आहात, हातात भाकरीची परात उभी धरली आहे, पायाखाली तीन विटा मांडल्या आहेत. डावीकडची क्लच, मधली ब्रेक. माय चुलीशी बसून विचारते, "कोठे जाई राहिनात?" तुम्ही मान न वळवता सांगता, "मार्केटमा." मग ती म्हणते, "येतांना मनी परात लई या. भाकरी थापानी शे." तुम्ही परात वळवता, वीट दाबता, आणि खरोखर गाडी उभी करून खाली उतरावं तसे पाटावरून उठता.

कच्चं लायसन्स शेठच्या चिठ्ठीवर निघालं होतं. परीक्षेच्या दिवशी मला शाळा बुडवायला लावून तुम्ही बरोबर नेलंत, कारण गुजराती पाट्या मला वाचता यायच्या. तुम्ही पांढरा शर्ट घातला होता. त्या आठवड्यात नखं हिरवी होती, म्हणून हात सारखे मागे घेत होतात. मैदानावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, बाजूला पिंपं ठेवली होती, आणि एक माणूस गाडी मागे घेताना पिंपाला लागला तेव्हा तुम्ही माझ्याजवळ वाकून म्हणालात, "क्लच लवकर सोडना त्यानी." किती खुशीत होतात तुम्ही. तुम्हाला सगळं येत होतं आणि ते दाखवायची वेळ जवळ आली होती.

गाडीत बसण्याआधी खिडकीवर कागद दाखवायचे होते. तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढलंत. खिडकीतल्या माणसाने ते उलटंसुलटं केलं. वाईट माणूस नव्हता तो. कानामागे पेन्सिल खोचलेली, पुढ्यात अर्धा कप चहा. त्याने तुमच्याकडे बघून विचारलं, "काका, रहो छो क्यां?"

आणि तुम्ही आपल्या गावाचं नाव सांगितलंत.

नुसतं गाव नाही. तालुका सांगितलात, जिल्हा सांगितलात, पोस्ट कुठलं तेही सांगितलंत, शाळेतल्या मुलासारखं, न अडखळता. माझा जन्म पांडेसऱ्यातला. माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही त्या खोलीत राहत होतात. गावी आपण वर्षातून एकदा आखाजीच्या सणाला जायचो, फार तर कुणाच्या लग्नाला. तरीही तो माणूस विचारतो कुठे राहता, आणि तुम्ही त्याला गाव सांगता.

"तो त्यां कढावो ने लायसन्स," तो म्हणाला. "अहीं शुं काम आव्या?"

मी पुढे होऊन घाईघाईने म्हणाले, "ना ना, अमे पांडेसरा रहीए छीए." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हसून म्हणाला, "जो ने, छोकरी पांडेसरामां रहे छे ने बाप महाराष्ट्रमां." दोघेही हसले. मग त्याने नीट समजावून सांगितलं. गावच्या कार्डावरून नाव कमी करून घ्या, तसा दाखला आणा, इथे नवीन कार्ड काढा, मग या. परीक्षा कुठे पळून जात नाही. कार्ड त्याने दोन्ही हातांनी परत दिलं. आपण कुंपणापाशी थोडा वेळ थांबलो. तुम्ही आणखी एका माणसाची परीक्षा पाहिलीत, तो पास झाला, आणि तुम्ही "चांगली चालाडी" म्हणालात. येताना शटल रिक्षात तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसलात आणि पूर्ण रस्ता त्याच्या पायांकडे बघत होतात.

मायचा राग त्या संध्याकाळी मला फार मोठा वाटला. ती म्हणाली, "मग करी ल्या ना नाव कमी. कागदच शे." तुम्ही जेवत होतात. घास तसाच ठेवून म्हणालात, "नाव कमी करू? मरी गऊ का मी?" ती म्हणाली, "त्या वाफमा मरशात तवय करशात का?" माझा लहान भाऊ मात्र विचारत राहिला की व्हॅन कधी येणार.

तुमचं कारण मला थोडं माहीत आहे, आबा. प्लेगच्या साली सुरत रिकामी झाली तेव्हा आपणही ताप्ती लाईनच्या गाडीत दाराला लटकून गावी गेलो होतो. गावकऱ्यांनी आपल्याला आधी शाळेच्या खोल्यांत ठेवलं. आजार घेऊन आलो असू अशी त्यांना भीती होती, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण रेशनच्या दुकानातून आपल्याला गहू मिळाला, रॉकेल मिळालं, कारण कार्डावर आपली नावं होती. आपल्याच गल्लीतल्या एका घराने वर्षभर आधी नावं सुरतेला नेली होती. ते त्याच गावचे, त्याच शाळेत आपल्या शेजारच्या खोलीत, पण दुकानदाराने त्यांना वही मिटून दाखवली. तुम्ही आपल्यातलं रॉकेल त्यांना दिलंत. ती बाई घेताना रडली, आणि तुम्ही तिथून लगेच उठून बाहेर गेलात. परीक्षा त्याच्या पुढच्या वर्षीची. त्यामुळे पांडेसऱ्यातल्या आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला तेव्हा नाव कमी कर म्हटलं असतं तर तो तुमच्यासारखाच बोलला असता. हे सगळं मला समजतं. तरी तेवढ्याने माझं समाधान होत नाही, कारण पुढचं त्यात बसत नाही.

आखाजीला तुम्ही एकटे गावी गेलात. माय देवापुढे दिवा लावून बसली होती, तुम्ही दाखला घेऊन याल म्हणून. तुम्ही सांजोऱ्या घेऊन आलात आणि म्हणालात की तहसिलीत साहेब नव्हता. पुढे कधीतरी गावच्या काकांकडून कळलं की साहेब होता. काका तुमच्याबरोबर होते. तुम्ही लिंबाखालच्या बाकावर बसलात, चहा घेतलात, आत जाणाऱ्या लोकांकडे बघत राहिलात आणि मग म्हणालात, "चाल, बस निंघी जाई." शेठने पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि व्हॅन दुसऱ्याला दिली. तुम्ही वाफेत राहिलात. विटा कितीतरी दिवस दाराशी पडून होत्या, आम्ही त्यावर चपला ठेवायचो.

मला वाटलं होतं हे इथेच संपलं. पण मी बारावी झाले त्या वर्षी तुम्ही पुन्हा आखाजीला एकटे गेलात आणि या वेळी सांजोऱ्यांच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिलात. नाव कमी केल्याचा दाखला होता. मायचं, माझं आणि भावाचं. तुमचं नाव त्यात नव्हतं. मायने विचारलं, "नि तुमनं?" तुम्ही सांजोरी मोडत म्हणालात, "येक तं राहू दे तठे." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुनं काम व्हयनं. आता तू काढ लायसन."

सुरतेचं कार्ड आलं ते मायच्या नावाचं. माय, मी, भाऊ. तेव्हापासून तुम्ही असेपर्यंत सरकारच्या कागदावर आम्ही तिघं पांडेसऱ्यात राहत होतो आणि तुम्ही एकटे गावात. त्या खिडकीतला माणूस हसत बोलला होता तेच तुम्ही रीतसर करून ठेवलंत. तुम्हाला त्याचं ते बोलणं आठवत होतं का? मला आठवत होतं. पण मी बोलले नाही, कारण त्या दिवशी मला दाखला बघून आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं होतं आणि ते का आलं हे मलाच सांगता आलं नसतं. तुम्ही मला गाडी दिलीत की गावातून काढलंत, हे मला नीट कळेना.

मामांच्याच टेम्पोत, त्याच कामरेजच्या रस्त्यावर, मी शिकले. तुम्ही मधे बसायचात. मामा बोलायचे, तुम्ही बोलायचा नाहीत. फक्त तुमचा डावा पाय माझ्या आधी हलायचा. मी तुमच्या पायाकडे बघून क्लच दाबायची. परीक्षेला मी पहिल्याच वेळी पास झाले. खिडकीत या वेळी दुसराच माणूस होता, त्याने कार्ड पाहून शिक्का मारला, कुठे राहता म्हणून विचारलंही नाही. तुम्ही कुंपणापाशी उभे होतात. त्या आठवड्यात नखं निळी होती. मी लायसन्स तुमच्या हातात दिलं तेव्हा तुम्ही माझ्या फोटोकडे नाही, खालच्या पत्त्याकडे बघत होतात. तुम्हाला गुजराती वाचता येत नव्हतं. "काय लिव्हेल शे?" तुम्ही विचारलंत. मी वाचून दाखवलं, खोली, गल्ली, पांडेसरा. तुम्ही म्हणालात, "बराबर."

तुमच्या मागे गावच्या कार्डावरचं नाव काकांनी कमी केलं. फोन करून मायला कळवलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून परातीत पीठ घेऊन बसली, जेवणं झालेली असताना.

मी आजवर तुमच्यासाठी खूप उत्तरं शोधली. कधी वाटायचं तुम्ही हट्टी होतात. कधी वाटायचं शहाणे होतात, आम्हाला इकडे ठेवून तिकडचं दार उघडं ठेवलंत. एका काळात तर वाटायचं की तुम्ही घाबरलात, परीक्षेला, शेठला, सगळ्याला. दर काही वर्षांनी माझं उत्तर बदलतं आणि दर वेळी तेच खरं वाटतं. पण सगळी उत्तरं त्या बाकाची आणि त्या दाखल्याची होती. खिडकीतलं तुमचं पहिलं उत्तर मी त्यातच धरून चालले होते, जणू तेही तुम्ही ठरवूनच दिलं होतं.

आता कालचं सांगते. आम्ही पर्वत पाटियाला राहायला आलो त्याला पुष्कळ वर्षं झाली. मुलं इथेच मोठी झाली. पांडेसऱ्याची खोली पाडून तिथे गोदाम झालं आहे, मीच जाऊन बघून आले होते. माझ्या हातात पर्वत पाटियाचं लाईट बिल होतं. मुलीने संगणकात बघत विचारलं, "बेन, रहो छो क्यां?" आणि मी तिला पांडेसरा सांगितलं. खोली सांगितली, गल्ली सांगितली, तुम्हाला वाचून दाखवलं होतं तसंच, त्याच क्रमाने. तिने बिल उचलून पाहिलं आणि म्हणाली, "तो आ बिल कोनुं?" ती हसली, म्हणाली, एक काहीतरी ठरवा आणि उद्या या.

मी काही ठरवून बोलले नव्हते, आबा. ना हट्ट, ना शहाणपण, प्लेग तर नाहीच. तिने विचारलं आणि ते आलं. तुमचंही त्या दिवशी असंच झालं होतं का? आणि झालं असेल, तर बाकीचं सगळं, तो बाक, तो दाखला, ते एकट्याने तिकडे राहणं, ते एकदा तोंडून गेलेलं उत्तर निभावण्यासाठी होतं का?

बिल पर्समध्ये आहे. आज सकाळी पुन्हा जायचं होतं. घरी सगळ्यांना जाऊन आले असंच सांगितलं आहे. गेले नाही, इथे लिहीत बसले.